सोळा वर्षांचा संतराम

हिंगोली, व्यंकटराव वकिलांच्या ओसरीवरून,
जेठ महिना

प्रिय उकंड्या,

ह्यातलं 'प्रिय' वकिलांचं आहे. मी म्हणलं, ह्या पोराला मी जन्मात प्रिय म्हणलं न्हाई, गाढवा म्हणलं, तर तेच लिवा, म्हणजे कागद माझाच आहे ह्याची त्याला खात्री पटंल. ते हसले न् आपलंच लिवलं. शिकलेल्या माणसाला सांगितलं तेवढंच लिवणं जमत न्हाई. आता मी त्यांना शपथ घातली आहे की बुढी बोलंल तसंच उतरवायचं, मधे शहाणपणा न्हाई. तू दुसरीपर्यंत गेलेला आहेस. अक्षराखाली बोट धरून वाच. वाचून झालं की परत पहिल्यापासून वाच.

तांबडी शेळी व्याली. दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, एक अगदी तुझ्यावर गेली आहे. दूध पिताना बी भांडते. तुझा भवरा कोनाड्यात आहे, जाळी मात्र उंदरानं कुरतडली. शेजारची सखुबाई रोज येऊन विचारते, पोराचं काही कळलं का. मी म्हणते, सरकारचा पाहुणा आहे, सरकार सोडंना. ती गेली की मी तुझी टोपी खुंटीवरून काढते न् परत तिथंच अडकवते.

ती टोपी मी अजून धुतली न्हाई. माघात तू मालकाच्या मळ्यात हरभऱ्याचा हुळा भाजत बसलास, वारं सुटलं न् कडब्याची गंजी पेटली. गोठा पेटला, दावणीला बांधलेला बैल गेला. त्या बैलाचं मला बी वाईट वाटतं, उकंड्या. पण मालकानं कचेरीत सांगितलं की आदल्या दिवशी मी पोराला चाबूक मारला होता, म्हणून त्यानं डूख धरून आग लावली. न् गड्यांनी सांगितलं की आग लागल्याबराबर हा पळाला. पळालास खरा, पण विहिरीकडं. टोपीत पाणी घेऊन परत आलास. अख्खी गंजी विझवायला टोपीभर पाणी, ते बी वाटेत गळून गेलेलं. सोळा वर्षांच्या पोरानं असं केलेलं मी तरी पाहिलं न्हाई. हे कचेरीत कुणी बोललं न्हाई, कारण बोलायचं काम माझं होतं न् मी दुसरंच बोलून बसले.

त्या दिवशीचं तुला आठवत असंल. हाकिमासमोर कुरुंद्याहून आलेला जन्माच्या दफ्तराचा उतारा होता. त्यांनी वाचलं, संतराम वल्द उत्तमराव, उमर सोळा. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "हाच का तुमचा नातू?"

मी म्हणलं, "व्हय."

तू वळून माझ्याकडं पाहिलंस. तुला वाटलं असंल, बुढी घाबरून माझं नावच विसरली. तेव्हा मला वाटलं, नावात काय आहे, नाव लिवतील न् सोडतील. त्या नावाला सोळा वर्षं बांधलेली आहेत न् त्या सोळाला मोठ्या माणसांचा तुरुंग बांधलेला आहे, हे मला काय ठाऊक. तीन वर्षांची सजा ऐकली तेव्हा तू रडला न्हाईस. ते मला सगळ्यात जड गेलं.

व्यंकटराव नंतर भेटले. दुसऱ्या कुणाच्या कामासाठी तुरुंगात गेले होते, तिथं त्यांनी तुला पाहिलं न् मला शोधत आपल्या नर्सीला आले. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, पोराची दुधाची दाढ कधी पडली. मी म्हणलं, गेल्या दिवाळीत. त्यानंच ती घरावर फेकली न् उंदराजवळ नवी मागितली. वकिलांनी लिवणं थांबवलं. मग माझ्यासमोर खाली बसले न् बारक्या लेकराला समजवावं तसं मला समजावलं. सात वर्षांच्या आतलं लेकरू काही बी करो, तो गुन्हाच न्हाई. सात न् बाराच्या मधलं असंल, तर हाकिमाला आधी पाहावं लागतं की केल्याचा परिणाम त्याला समजत होता का; न्हाई समजत तर सजा न्हाई. बाराच्या वर गेलं की ते मोठ्याच्याच हिशोबात. म्हणजे अक्कल सातव्या वर्षी उगवती न् बाराव्या वर्षी पिकती, असं सरकारनं ठरवून ठेवलं आहे. मी वकिलांना म्हणलं, मला साठ झाली, माझी तर अजून कच्चीच आहे. ते हसले न्हाईत. म्हणाले, आजी, हे पोरगं किती वर्षांचं आहे? मी म्हणलं, अकरा. ते म्हणाले, मग संतराम कोण आहे?

तेच आता तुला सांगायचं आहे.

तुला आठवतं का, दर साली माघात मी कयाधूच्या काठी बाभळीखाली गुळाचा खडा ठेवायची? तू विचारायचास, कुणाला गं? मी म्हणायची, आहे एक पाहुणा. एका साली तू तो गूळ खाल्लास न् मी तुला मारलं, तुझ्या जन्मात पहिल्यांदा. संतराम तुझा मोठा भाऊ. आपण तेव्हा कुरुंद्याला होतो. चार वर्षांचा असताना तो देवीनं गेला. मी त्याला स्वतःच्या हातानं मातीआड केलं, तिकडच्या ओढ्याकाठी. नर्सीची बाभळ नुसती माझ्या मनाची समजूत आहे. तो गेल्याचं दफ्तरात लिववायला मी तुझ्या बापाला जाऊ दिलं न्हाई. वाटलं, कागदावर तरी राहू दे.

पुढल्या साली तू आलास. गेलेल्या लेकराच्या मागं आलेलं जगावं म्हणून तुला उकिरड्यावर ठेवलं. गोजरबाई सुईणीनं उचललं, मी सूपभर जोंधळे देऊन तिच्याकडून तुला घेतलं न् नाव ठेवलं उकंडा. कुणाचंच न्हाई म्हणून टाकलेलं पोर, त्याचा जन्म कुठं लिववायचा? तुझं नाव कोणत्याच दफ्तरात न्हाई. गोजरबाईनं तेव्हा मला बजावलं होतं की गेलेल्याचं नाव ह्याच्यासमोर कधी घेऊ नको, न्हाईतर तो ह्याला सोबतीला बोलवंल. मग वर्षभरात पटकीनं तुझा बाप गेला, माय गेली, न् मी तुला कडेवर घेऊन माझ्या माहेरी नर्सीला आले. नर्सीत कुणालाच संतरामचं काही ठाऊक न्हाई. हाकिमानं विचारलं तेव्हा "तो मेला" हे तुझ्यासमोर माझ्या तोंडातून निघालं न्हाई. तुला जगवायसाठी गप बसले न् तुला आत घालून बसले.

वकिलांनी शपथ मोडून इथं लिवलेलं काही तरी खोडलं. मी ओरडले.

तू गेल्यापासून संतराम येऊन राहिला. चार वर्षांचा न्हाई, उकंड्या. भर दुपारी मी जात्यावर बसते न् उंबऱ्यात सोळा वर्षांचं पोरगं उभं असतं, मिसरूड फुटलेलं, चौकटीला डोकं लागंल एवढं उंच. कागदावर मी त्याला मरू दिलं न्हाई, म्हणून तो तिथं वाढत गेला. मी गुळाचा खडा पुढं करते. घेत न्हाई. नुसता पाहतो. मला आता समजलं आहे त्याला काय पाहिजे ते.

वकिलांनी वरच्या कचेरीत दाद मागितली आहे, येत्या गुरुवारी तुला तिथं आणतील. डाक्टर तोंड उघडायला सांगंल, दाढा मोजंल. चांगलं उघड, जेवताना उघडतोस तसं. गोजरबाईला साक्षीसाठी मी कुरुंद्याहून बैलगाडीत घालून आणलं आहे. वाटभर कण्हली, पण आली. आधी शपथेवर खोटं बोलले म्हणून मलाच धरतील का, ते वकील बी सांगू शकत न्हाईत. त्याची तू काळजी करू नको. तुला करायचं ते एकच, न् त्यासाठीच हा कागद लिववला. तिकडं चार महिने तू त्या नावाला 'हजर' म्हणत राहिलास, जिभेला सवय झाली असंल. गुरुवारी शिपाई दारात उभा राहून 'संतराम वल्द उत्तमराव' अशी हाक मारंल. ओ देऊ नको. दुसऱ्यांदा मारंल, जोरात मारंल, मागचा शिपाई ढोसंल, तरी देऊ नको. ती हाक तुझी न्हाई. मी उभी राहीन न् सगळ्यांसमोर सांगीन की संतराम गेला, मीच त्याला पुरलं. मग थोडं थांबीन, त्याला जाऊ देईन. त्याच्यामागून मी तुला हाक मारीन. तेव्हा ओ दे, गाढवा. मोठ्यानं दे.

तुझीच,
सूपभर जोंधळे देऊन तुला घेणारी,
द्वारकाबाई आजी
(निशाणी अंगठा)