खुराड्यातले एकत्र कुटुंब

तीर्थरूप दादांच्या पायाशी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबरेत उसण भरली, तेव्हा नमस्कार अर्ध्यावर थांबला आहे. उरलेला भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण दादा, मी पुरता हादरलो आहे. अक्षर वाकडे आले आहे ते त्यामुळेच. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात हे मान्य, तरी चुकांवर लाल शाईच्या खुणा करून हे पत्र परत पाठवू नये. मागचे पाठवले होतेत.

तर तुमचे फर्मान असे होते की, निवृत्तीनंतर आम्ही घरी राहायला येऊ, पण आधी मागच्या अंगणात मधोमध डोक्याच्या वर जाईल अशी भिंत घाल, नाहीतर आम्ही भाड्याची जागा बघतो. आणि कारण काय, तर गेल्या सुट्टीत नळाखालच्या मोरीवरून वहिनी आणि आमची ही यांच्यात झालेली बोलाचाली. वहिनींना मोरी कोरडी ठणठणीत लागते, हिला दोन बादल्या ओतल्याशिवाय ती स्वच्छ झालीशी वाटत नाही. एवढ्यावरून सख्ख्या भावांमध्ये भिंत? मग रागाच्या भरात मी उलटटपाली कळवून बसलो की, मुकी पाखरेसुद्धा एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतात, मी ते करून दाखवतो. नाही जमले तर भिंत मी स्वतः घालीन. (मुकी हा शब्द मी आता मागे घेतो.)

दुकानातल्या जुन्या कपाटाच्या फळ्या काढून खुराडे केले आणि त्यात कोंबड्या, एक कोंबडा, बदके, ठिपक्याठिपक्यांच्या गिनी कोंबड्या आणि एक टर्की असे कुटुंब वसवले. नियम आपल्या घरचेच लावले. परात एक, पंगत एक आणि आधी वडीलधाऱ्यांनी खायचे. आता यांच्यात वडील कोण हे कसे ठरवणार? मी आकारावरून ठरवले आणि पहिल्या घासाचा मान टर्कीला दिला. बाकीच्यांना फळी लावून अडवून धरले. दादा, तो खाईचना. परातीपुढे उभा राहून त्याने पिसारा फुलवला, मान लालभडक केली, छाती पुढे काढून तीन प्रदक्षिणा घातल्या आणि घशातून काहीतरी भाषण केले. दाण्याला चोच लावली नाही. फळीमागे कुटुंब उपाशी. (गल्लीतले लोक त्याला हेडमास्तर म्हणतात. हे नाव मी ठेवलेले नाही, कोणाचीही शपथ घेतो.) शेवटी कोंबड्यांनी फळी पाडली आणि माझ्या पायावरून पंगत झाली.

गिनी कोंबड्यांबद्दल मला कोणी सावध केले नव्हते याचे मला अजून वाईट वाटते. दिसायला इतक्या सोज्वळ, पण ओरडणे गंजलेल्या बिजागरीसारखे. पोस्टमन आला म्हणून ओरडतात, गेला म्हणून ओरडतात आणि कोणीच आले नाही तर त्याचाही गवगवा करतात. माझा धंदा घड्याळ दुरुस्तीचा, श्वास रोखून करायचा. बँकेच्या मॅनेजरांच्या घड्याळाचा केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरला आणि मागून किंकाळी आली. स्क्रू खिडकीतून अंगणात उडाला, एका कोंबडीने तो दाणा समजून गिळला, आणि दोन दिवस मी त्या कोंबडीच्या मागे मागे हिंडलो. (सापडला. धुतला. मॅनेजरांना काही बोलू नये.) शिवाय या गिनी बायांनी खुराड्यातली रात्री बसायची वरची दांडी बळकावून कोंबड्यांना हाकलून दिले.

नर बदकाचे कोंबड्यांशी वागणे मी इथे लिहू शकत नाही, पत्र वहिनी वाचतील. एवढेच सांगतो की कोंबडा हताश होऊन कुंपणाकडे तोंड करून बसला होता. आणि पाणी! बदकांना नुसते पाणी पिता येत नाही, ती त्यात डोके घालतात, उभी राहतात, चिखल करतात आणि त्यावर लोळून समाधानाने बोलतात. कोंबड्यांना कोरडी जागा लागते. त्या एक पाय वर धरून, मान वाकडी करून त्या चिखलाकडे बघत उभ्या राहतात. हे दृश्य मी कुठेतरी पाहिले आहे असे मला सारखे वाटत होते, पण मी आठवायचा प्रयत्न केला नाही.

अखेर टर्की मलूल झाला. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी खुराड्यात डोकावून पाहिले आणि मला विचारले की हा सल्ला कोणाचा. कोंबड्या ज्या मातीत खुशाल वावरतात, त्याच मातीतला आजार टर्कीचा जीव घेतो, म्हणून त्याला वेगळा ठेवायला हवा म्हणाले. औषधाने तो वाचला. मी त्याच दुपारी जाळी आणून खुराड्याच्या खोल्या पाडल्या. टर्की वेगळा, बदके वेगळी, गिनी वेगळ्या, कोंबड्या वेगळ्या. मारामारी तत्काळ थांबली. तेव्हा दादा, मी हरलो. गवंड्याला निरोप धाडला आहे. तुमची भिंत तुम्हाला मिळेल.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
हरलेला धाकटा

ता. क. : पत्र पाकिटात घालणार, तोच हिने अंगणातून हाक मारली. सूर्य मावळत होता. वरची दांडी आता मोकळी होती, पण कोंबड्या तिच्यावर नव्हत्या. त्या खाली, जाळीला अंग टेकून ओळीने बसल्या होत्या. पलीकडून बदके जाळीला टेकलेली, पाठीला पाठ. टर्कीसुद्धा आपल्या कोपऱ्यातून उठून त्यांच्या बाजूच्या जाळीशी येऊन बसला होता. ही म्हणाली, "पलीकडचं दिसतंय ना, म्हणून झोप लागली त्यांना. भिंत घातली असती, तर रात्रभर कोकलत बसल्या असत्या." एवढे बोलून ती पदर खोचून मोरी कोरडी करायला गेली. दादा, तुम्ही भाड्याच्या घरात राहायला गेलात तर मला करमणार नाही.

ता. क. २ : गवंडी आला आहे. भिंत किती उंच, विचारतो. शब्द दिला आहे म्हणून नाही म्हणता येत नाही. कमरेएवढी सांगितली. ही म्हणते, आणखी खाली घ्या, जाऊबाईंना चहाचा कप देताना हात वर करावा लागू नये.

ता. क. ३ : भिंत झाली. गुडघ्याएवढी आहे. दोन्ही बाजूंना पाय सोडून बसता येते, तुमच्या गुडघ्याला बरी पडेल. डॉक्टरांनी टर्कीला संध्याकाळी, कोंबड्या जात नाहीत त्या बाजूला मोकळे फिरवायला सांगितले आहे, आणि तो रोज त्या भिंतीवर मधोमध जाऊन बसतो. लवकर यावे, नाहीतर तुमची जागा त्याची होईल.