ओल्या बोटांची चिठ्ठी

शुक्रवार, चामोर्शी

डोकं अजून तापलेलंच आहे. आमचं धानाच्या रोवणीच्या नोंदींचं अ‍ॅप दर पंधरा दिवसांनी सुधारतं म्हणे. आज चौथी आढावा बैठक, आणि बांधावरून नोंदी भरणाऱ्या वेणूबाईंची चौथ्यांदा तीच चिठ्ठी: बोटं ओली असतात, बटण लागत नाही, नोंद उडते. साहेबांनी ती पुन्हा ‘काय शिकलो’च्या रकान्यात चिकटवली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. काऊन? ते बटण तर मीच केलंय. फोनच्या कडेच्या आवाजाच्या बटणावर ते काम द्यायला एक दुपार पुरली असती.

बैठक सुटल्यावर वेणूबाई म्हणाल्या, "भाऊ, मी तं शिकली. पदराले बोट पुसून दाबतो आता. तुमी काय शिकले?"

ओली बोटं. चार बैठका. चिठ्ठ्यांचा रंग तेवढा मी दर वेळी नवा आणला.