सरांसमोर सोडलेलं प्यादं

ता. २ सप्टेंबर

चि. टिल्लूस ताईचे अनेक आशीर्वाद, आणि तीन महिने पत्र न पाठवल्याबद्दल एक धपाटा.

इकडे सर्व ठीक असं लिहायचं असतं, पण मला झोप येईनाशी झाली आहे. शहराच्या बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेच्या आठ फेऱ्या झाल्या आणि मी सरांच्या फक्त अर्ध्या गुणाने मागे आहे. शेवटची फेरी वीस तारखेला, समोर खुद्द सर, पांढरी मोहरी माझ्याकडे. बरोबरी झाली तर करंडक त्यांचा, जिंकले तर माझा. ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईचा, तेही सत्तेचाळिसाव्या वर्षी.

अडचण तुला ठाऊक आहे. घोडा कसा चालतो हे आपल्या दोघांना त्यांनीच शिकवलं. मी वजिरापुढचं प्यादं सरकवते, पुढे काय करते, कुठे घाबरते, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. तीस वर्षांत मी त्यांना एकदाही हरवलेलं नाही. परवा क्लबात चहा पिताना ते सगळ्यांदेखत म्हणाले, की हिच्यात चिकाटी आहे, पण चमक होती ती भावात आणि त्याने ती उधळली. मी हसले. मग कामावर जाऊन दोन पुस्तकांना पुठ्ठे उलटे चिकटवले.

म्हणून मागते. ज्या गॅम्बिटपायी सरांनी तुला संघातून काढलं, दुसऱ्याच खेळीला प्यादं फेकायचा तो, मला शिकव. तेवीस वर्षांत मी या विषयावर अवाक्षर काढलेलं नाही, हे ध्यानात घे. तुझे भावोजी म्हणतात मला खूळ लागलंय. वहिनीला आठवण सांग.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई

ता. ६ सप्टेंबर

ति. ताईस सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. मागणी मात्र नामंजूर. सरांनी बजावलेलं असताना मी निर्णायक डावात तो गॅम्बिट खेळलो, हरलो आणि माझ्यामुळे संघ हरला. सर म्हणाले की तू बुद्धिबळ खेळत नाहीस, जुगार खेळतोस. एकोणीस वर्षांचा होतो. त्यानंतर पटाला हात लावलेला नाही. आता मी कवळ्या बनवतो. बत्तीस मोहऱ्यांऐवजी बत्तीस दात, आणि ते कुणी फुकट देत नाही. हा विषय इथेच मिटला.

इथवर लिहून कामाला लागलो आणि साच्यात प्लास्टर ओतता ओतता लक्षात आलं, की तू ऐकणार नाहीस आणि तो चुकीचा खेळशील. दिलेलं प्यादं परत मिळवायला धावशील. धावू नकोस. ते गेलं म्हणून सोडून दे.

नीट वाच. आधी राजापुढचं प्यादं दोन घरं. सरही तसंच उत्तर देतील. मग राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. सर ते घेतील, समोर आलेलं सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. आता घोडा काढायचा मोह होईल, पण तू उंट काढ. ते वजीर कडेला आणून शह देतील. तुझा राजा एक घर बाजूला सरकव. राजाला हत्तीआड लपवायचा किल्लेकोट कायमचा गेला म्हणून तू घाबरशील, घाबर. त्यांचा वजीर आता उघड्यावर एकटा उभा आहे, आणि तुझी मोहरी त्यालाच हुसकत बाहेर येणार आहेत.

मी गॅम्बिटमुळे हरलो नाही, ताई. राजा सरकवल्यावर मला घाई झाली. सर ज्याला चिकाटी म्हणतात ती या डावाला भाताला मिठाइतकी लागते, आणि माझ्याकडे ती चिमूटभरही नव्हती.

सोबत चार पानं जोडली आहेत, त्यात बाराव्या खेळीपर्यंतच्या सगळ्या वाटा आहेत. बायको म्हणते, दोन दिवस मी कवळ्यांशी बोलतोय. भावोजींना नमस्कार.

लोभ आहेच, वरच्या नकाराचा राग आला असेल तर तो त्यातून वजा कर.
तुझा टिल्लू

ता. २१ सप्टेंबर

चि. टिल्लूस आशीर्वाद, आशीर्वाद आणि आणखी आशीर्वाद.

जिंकले. एकतिसाव्या खेळीला सरांनी घड्याळ थांबवलं आणि आपला राजा आडवा केला. पत्राला सुरुवात कुठून करू कळत नाही, म्हणून शेवट आधी लिहिला.

मी राजापुढचं प्यादं सरकवलं तेव्हाच सरांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या खेळीनंतर ते पटाकडे पाहीनात, माझ्याकडेच पाहत राहिले. शेजारच्या टेबलावरचे दोघं आपला डाव सोडून आमच्या मागे येऊन उभे राहिले. सर अकरा मिनिटं थांबले आणि तू म्हणालास तसं त्यांनी प्यादं घेतलं. मग वजिराचा शह. राजा सरकवताना मी तो दोन घरांच्या मधोमध ठेवला, आणि सरांची माफी मागून नीट करावा लागला.

पण त्यानंतर काय मजा आली म्हणून सांगू. एका घोड्याने वजिराला हुसकलं, दुसरा पटाच्या मधोमध जाऊन बसला. तिथून त्याची एकच उडी सरांच्या राजाला आणि हत्तीला एकदमच भारी पडणार होती, म्हणून त्यांना राजाच पहाऱ्याला आणावा लागला. म्हणजे किल्लेकोट त्यांचाही गेला. आमचे दोन्ही राजे उघड्यावर, आणि तुझी चार पानं संपलेली.

एकोणिसाव्या खेळीला त्यांनी हत्ती उघडा टाकला. तू असतास तर झडप घातली असतीस. मी पस्तीस मिनिटं बसले. तो घेतला असता तर त्यांचा वजीर शहावर शह देत बरोबरी करून गेला असता, आणि बरोबरीत करंडक त्यांचाच. म्हणून हत्तीकडे ढुंकूनही न पाहता मी माझा राजा आणखी एक घर सरकवला. पाहणाऱ्यांपैकी एक जण चक्क उसासला, इतकी कंटाळवाणी खेळी. पण त्यानंतर त्यांच्याकडे एकही शह उरला नाही आणि माझ्याकडे सगळेच होते.

हात मिळवताना सरांनी विचारलं की हे भावाचं का. मी सांगितलं की बाराव्या खेळीपर्यंत त्याचं, तिथून पुढे माझं. त्यांनी अभिनंदन केलं नाही, मोहरी पुन्हा मांडली. हॉल झाडणारी बाई खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला लागली, तरी आम्ही तो डाव उलगडत होतो. निघताना त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला. चिडू नकोस.

तुझ्या भावोजींनी करंडकात पेनं ठेवली आहेत.

आनंदाने जमिनीवर पाय नसलेली,
तुझी ताई

ता. ३ ऑक्टोबर

ति. ताईस सा. न., आणि या वेळी खरोखर वाकून.

तुझं पत्र वाचून मी असा ओरडलो की दुकानात नवी कवळी घालून बघणारे आजोबा ती गिळता गिळता वाचले. हत्ती सोडून राजा सरकवणं मला सात जन्मांत सुचलं नसतं. तुझ्यात चमक नाही म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव.

तो आलाच. म्हणजे सरांचं कार्ड आलं. मायना नाही, खुशाली नाही, जुन्या गोष्टींबद्दल चकार शब्द नाही. लिहिलं आहे ते एवढंच: ‘तेराव्या खेळीला मी वजीर मागे घेतला ती चूक झाली, घोड्याने तो मधला घोडा मारला असता तर काळ्याचा डाव वरचढ होता. याला तुला काही उत्तर सुचतं का?’

मी कार्ड तीनदा वाचलं. पूर्वी सर मला नुसतं सांगायचे, ताई. विचारलं त्यांनी कधीच नव्हतं.

बायको शेजारच्यांकडून पट मागून घेऊन आली. त्यातला एक उंट हरवलेला होता, म्हणून त्या घरात प्लास्टरची दाढ ठेवली. सलग तीन दिवस जेवणं आटोपली की पट मांडून बसलो. सरांचं बरोबर आहे, घोडा मारायलाच हवा होता. पण मग पांढऱ्याने तो प्याद्याने परत मारायचा, म्हणजे मधली उभी ओळ हत्तीला मोकळी मिळते आणि काळ्याचा राजा पुन्हा कात्रीत सापडतो. मला तरी तसं दिसतं. सरांना वेगळं दिसलं तर कळवतीलच.

आज सकाळी कार्डावर तेवढी एक खेळी लिहिली, वर त्यांना नमस्कार लिहिला, आणि कार्ड पेटीत टाकलं. टाकल्यावरही बराच वेळ पेटीपाशीच उभा होतो. मग दुकान उघडायला अर्धा तास उशीर झाला, आणि गिऱ्हाईक रागावलं तरी मी हसतच होतो.

माया आहे तशीच राहू दे,
तुझा टिल्लू