काजलच्या बाळाची लोकर

१६ नोव्हेंबर

काजलला सातवा महिना लागलाय! आणि मला, तिच्या आईला, हे कळलं कुठे — तर लोकरीच्या दुकानात.

ह्यांच्या मफलरसाठी तपकिरी लोकर घ्यायला तळोद्याला गेले होते. दुकान पतासीबाईंचं. त्यांची सून शिखा काजलच्या कॉलेजातली मैत्रीण. गोळे पिशवीत भरता भरता ती हळूच म्हणाली, “काकू, काजलला सातवा चालू आहे. सुरतेलाच आहे. बरी आहे.” आणि लगेच मोठ्यानं, “आणखी काही दाखवू?”

मी काय दाखव म्हणणार? पिशवी घेऊन निघाले.

दोन वर्षं झाली. दिलवरसिंगशी लग्न केलं तिनं — तिच्याच वर्गातला, डोंगरातल्या पाड्यावरचा पोरगा. त्या दिवशी हे ओट्यावर उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले, “ती मन्हाकरता मरी गई. तिनं नाव या घरमा लेवानं नही.” तेव्हापासून तिचं नाव कोणी घेत नाही. मीही नाही.

मेलेल्या मुलीला सातवा महिना.

१९ नोव्हेंबर

मफलरला लोकर कमी पडली असं सांगून परत गेले. खोटं.

शिखानं बाळांच्या लोकरीचे सगळे गोळे गादीवर ओतले. गुलाबी, आकाशी, दुधी, पोपटी. गुलाबी उचलला, ठेवला. आकाशी उचलला, ठेवला. मुलगा की मुलगी — आजीला काही माहीत नाही! पतासीबाई गल्ल्यावरून सगळं बघत होत्या. “पीळा ले जाव, निर्मलाबाई. लडका हो, लडकी हो, पीळा शुभ.”

पिवळी गालाला लावून बघितली. मऊ. शिखा म्हणाली, “सुरतेत थंडी कुठे असते, काकू?” असते. नवजात बाळाला सगळीकडे थंडी असते.

जाकीट करायचं ठरवलं. बारीक सुया, साधी वीण.

२३ नोव्हेंबर

जाकिटाची पाठ विणून झाली. शेजारच्या शोभाबाईनं विचारलं, कोना करता ईनी ऱ्हायनी? म्हटलं, भाचीला दिवस गेलेत. हे पेपर वाचत होते. मान वर केली नाही.

२४ नोव्हेंबर

उजवी बाजू झाली. आज बरं वाटतंय. उगाच.

२७ नोव्हेंबर

जाकीट गेलं.

सकाळी पाणी तापवायला परसात गेले, तर हे बंबाजवळ उभे. हातात माझी पिशवी. म्हणाले, “तुन्ही भाचीले आठ वरीसना पोऱ्या शे, आपरेशन बी व्हयेल शे. माले येडा समजस का?” आवाज चढवला नाही. पिशवी सुयांसकट बंबात टाकली.

लोकर जळली नाही. वितळली. घाण वास सुटला, परसभर. नंतर राख काढताना तळाशी एक काळा गठ्ठा निघाला, दगडासारखा.

त्याच पाण्यानं हे आंघोळ करून शेतावर गेले. पपईची गाडी भरायची होती.

मी भाकरी केल्या. काय करणार दुसरं?

३० नोव्हेंबर

काही नाही.

३ डिसेंबर

तळोदा. शिखाला सगळं सांगितलं. पतासीबाईंनी ऐकलं असणार. त्यांनी कपाटातून पिवळीचे गोळे काढले, नव्या सुया काढल्या आणि आतल्या खोलीतला पाट दाखवला. “घर मत ले जाव. यहीं बैठो, यहीं बुनो.”

दुपारभर विणलं. बाहेर बायका येत होत्या, रंगांवरून घासाघीस करत होत्या. मी पडद्याआड. चोरासारखी.

शिखानं तिच्या फोनवरून काजलचा नंबर लावून दिला. माझ्या मोबाईलवर कोणाकोणाचे फोन आले-गेले ते हे रोज बघतात, म्हणून.

“हॅलो?” म्हणाली. “शिखा? बोल ना.”

ती परत हॅलो म्हणाली. मी फोन शिखाच्या हातात दिला.

आवाज जाड झालाय तिचा. की सर्दी होती?

७ डिसेंबर

जाकीट पुरं झालं. गुंड्या लावायच्या राहिल्यात. पतासीबाईंनी उलटंसुलटं करून बघितलं आणि गुंड्यांचा डबा पुढे सरकवला. म्हणजे चांगलं झालंय.

१० डिसेंबर

बाळ झालं. मुलगी. फार लवकर!

शिखाच्या फोनवर फोटो बघितला. काचेच्या पेटीत, नाकात नळी. माणसाचं पोर एवढं लहान असू शकतं? मी केलेलं जाकीट पाटावर पसरलं होतं. त्यात तिच्यासारख्या तीन मावतील.

काजल शिखाला म्हणाली, आईला सांगू नकोस, ती येऊ शकणार नाही आणि आतल्या आत जळत बसेल.

लेक ओळखून आहे मला.

१२ डिसेंबर

दिलवरसिंगनं कळवलं, पेटीत लोकर चालत नाही, सुती टोपी चालेल. शिखानं क्रोशाच्या दोऱ्याची रिळं काढली. एकेक दोरा नखानं ओढून बघितला. एक खरखरीत. एकाचा रंग बोटाला लागला. शेवटी पांढरा निवडला, त्यातल्या त्यात मऊ. माप काय घ्यायचं? पतासीबाईंनी डब्यातून एक लिंबू आणून ठेवलं, मग बाजूला सारून संत्रं ठेवलं. “इतना होगा.”

संत्र्यावर टोपी विणली मी. नातीची.

सुरतेच्या बसबरोबर पाठवून देते म्हणाली शिखा.

१४ डिसेंबर

नातीचा श्वास मध्येच थांबतो म्हणे. मग नर्स टिचकी मारते तळपायाला.

जेवताना ह्यांना सरळ सांगितलं. “काजलला मुलगी झाली. पेटीत आहे. मला जायचंय.”

ते घास चावत राहिले. संपवला. पाणी प्यायले. मग म्हणाले, “जाशी ते परत येजो नको.”

एवढंच. आणि ताट सरकवून उठले.

१५ डिसेंबर

मी जाणार नाही. मला माहीत आहे, मी जाणार नाही. इथं माझं सगळं आहे — चूल, गाय, शेजार, ह्यांचं पथ्यपाणी. तिकडे काय? एक खोली, घरात वेगळीच भाषा बोलणारा जावई, आणि एक पोर जे उद्या असेल की नाही ठाऊक नाही. पोर गेलं आणि दारही बंद झालं तर मी कुठली?

लग्नाला एकतीस वर्षं झाली. एकदाही ह्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. आता काय जाणार? असल्या बाया विणतात फक्त. पडद्याआड बसून विणतात, कोणीतरी जाळतं, परत विणतात. तेवढंच येतं मला.

शिखाचा फोन आला होता. उचलला नाही.

१७ डिसेंबर, सुरत

दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. काल शिखाचा फोन परत आला; ह्यांच्यासमोर उचलला, भाकरी झाकून ठेवल्या आणि सुरतेची बस धरली. पोर आहे. पेटीतच आहे, पण आहे.

काजल भिंतीला धरून धरून आली. आधी माझ्या मागे बघितलं, दाराकडे. “कोना संगे उनी?”

“एकलीच.”

“कव्हय जाशी परत?”

“आते कोठेच जानं नही,” म्हटलं.