'ख'नं गिळलेली चरचर

३ मार्च, सोमवार

"तुमची फाइल खोटं बोलते!" — सव्वानऊला डॉक्टरीणबाईंचा फोन. मी अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती.

एक बाई दम लागून त्यांच्या वॉर्डात आली. छातीला नळी लावून ऐकलं, तर दोन्हीकडे खाली चरचर — फुप्फुसात पाणी साचल्याची खूण. पंधरा दिवसांपूर्वी लांबच्या दवाखान्यातून तिच्याच छातीचं रेकॉर्डिंग आमच्या कंपनीमार्फत त्यांच्याकडे गेलं होतं. ते ऐकून डॉक्टरीणबाईंनीच लिहून दिलं होतं — 'साफ'.

ती फाइल लहान करून पाठवणारा एन्कोडर मी निवडला. डिसेंबरात. क, ख, ग — तिन्हींची परीक्षा घेतली, ऑफिसातल्या अकरा जणांना हेडफोन लावून बसवलं. गाणी ऐकवली, बोलणं ऐकवलं. 'ख'ची फाइल सगळ्यांत लहान, आणि मूळ कुठलं, 'ख' कुठलं, कुणाला ओळखता येईना! साहेबांनी पाठ थोपटली.

छातीचा आवाज एकदाही ऐकवला नाही. एकदाही!

४ मार्च

दवाखान्यातल्या यंत्रात मूळ आवाज सातच दिवस राहतो. तिथल्या नर्सताईंनी होते तेवढे पाठवले — चाळीस. तिन्ही एन्कोडरांतून काढले, नावं झाकली, क्रम पिसला.

मी ऐकलं. माझ्या कानाला सगळे सारखेच! बाईंना फोन केला. "कानाशी चार केस धर आणि दोन बोटांत चोळ. तो आवाज शोध."

चोळले. पुन्हा ऐकलं, मग माझ्यापुरती नावं उघडली. मूळ फाइलमध्ये आहे. 'ख'मध्ये — नाही. नुसता श्वास. गुळगुळीत, गोड. एन्कोडरला ती बिनकामाची खरखर वाटली असणार, दिली टाकून.



५ मार्च

बाई तीन तास हेडफोन लावून बसल्या. मी समोर, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखी.

मूळ आवाजात चरचर नऊ जणांची. 'क'मध्ये नऊ. 'ग'मध्ये आठ. 'ख'मध्ये दोन!

"या सात जणांना मी आजच बोलावते," बाई म्हणाल्या. "पण आधीचे? तीन महिन्यांत मी 'साफ' म्हणून घरी पाठवलेले? त्यांची यादी तुझ्याकडे आहे. दे."

"उद्या देते," म्हटलं.

६ मार्च, गुरुवार

यादी काढली. दोनशे सहा.

साहेबांनी दार लावून घेतलं. "हे बघ, 'क' आजच चढव. पुढचं पुढे. पण यादी? पुढच्या शुक्रवारी मोठ्या हॉस्पिटलशी सही आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ दिवस थांब." मग हळूच — "चाचणीच्या अहवालावर सही तुझी आहे, विसरू नकोस."

खरं लिहिते — थांब म्हणाले तेव्हा हायसं वाटलं.

७ मार्च

बाईंचे तीन फोन. उचलले नाहीत.

९ मार्च, रविवार

आत्याच्या लक्षात यायचं राहतं होय! "दोन दिवस ताटात बोटं फिरवतेयस. काय झालं?" सांगितलं सगळं. झाकली मूठही सांगितली.

ती भाजी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "पण त्या मुठीत माणसं आहेत ना गं?"

१० मार्च

नऊ वाजून दहा मिनिटांनी यादी पाठवली. बाईंना आणि नर्सताईंना. खाली माझं नाव, चूक माझी, असं स्पष्ट लिहून. बाईंचं उत्तर एका ओळीचं — 'गुरुवारी हवी होती.'

११ मार्च

साहेब ओरडले नाहीत. ते परवडलं असतं. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच. नऊ वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. हेडफोन माझे स्वतःचे, तेवढे घेतले.

१२ मार्च

नर्सताई एकट्या किती फोन करणार! निम्मी यादी मी घेतली. घरच्या टेबलाशी बसून फोन — "जरा पुन्हा तपासायचंय, घाबरू नका." कुणी खेकसलं, कुणी मलाच पत्ता समजावत बसलं. एक आजोबा म्हणाले, "अहो, मी ठणठणीत आहे, शेजाऱ्याला तपासा!"

संध्याकाळपर्यंत एकतीस जण दवाखान्यात पोचले. चौघांना चरचर. चौघंही स्वतःच्या पायांनी आले, औषध सुरू झालं. आज पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

१३ मार्च, गुरुवार

एकसष्टावा नंबर. बाईमाणसानं उचलला. "ते शनिवारी गेले," म्हणाली. "दोन दिवस धाप होती, पण छाती साफ आहे असा कागद होता ना, म्हणून आम्ही घरीच..."

मग तीच म्हणाली, "तुम्ही निदान चौकशी तरी केलीत. बरं वाटलं."

यादी गेल्या गुरुवारपासून माझ्याकडे होती, हे मी तिला सांगितलं नाही.