न वाचलेली ओळ

सोमवार, ९ तारीख
सकाळ

चि. मुंगी हिला,

प्रभूच्या नावात सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. चष्मा सापडेना, म्हणून आधी नुसतं हातात धरून बसले. अक्षर अजून तसंच आहे गं तुझं, मुंग्यांच्या रांगेसारखं. साहेबांनी तुझं नाव काही उगीच नाही ठेवलं.

साहेबांना जाऊन बुधवारी महिना होईल. पहिले आठ दिवस लोक डबे आणत होते, आता भेटले की मान वाकडी करून "कशा आहात?" विचारतात. कशी असणार? गुडघे बोंबलतात. नळाखाली बादली भरते, पण उचलायची कोणी? चर्चमध्ये साहेबांच्या जागी नवीन पाळक आलेत. उपदेश इतका लांबवतात की पहिल्या बाकावरचे घड्याळदुरुस्तीवाले काका चक्क घोरतात. पण माणूस भला आहे. मला म्हणाले, मागच्या दोन खोल्या तुमच्याच, हवी तितकी वर्षं राहा.

साहेबांच्या आठवणीची उपासना झाली त्या रविवारी तू आलीस, आणि मला न भेटता गेलीस. राग आला होता मला. मग चर्चच्या मागच्या खोलीत गेले तर प्रभुभोजनाचे द्राक्षरसाचे छोटे कप लखलखीत धुतलेले, फडक्यावर सात-सातच्या ओळीत पालथे. असं मांडणारी दुनियेत एकच. राग कुठल्या कुठे गेला.

रुग्णालयाच्या धुलाईत सगळे तुला मानतात, नर्सबाईंच्या पांढऱ्या कपड्यांना तुझ्यासारखी इस्त्री कुणाची नाही, हे वाचून बरं वाटलं. आणि पुढे तू लिहितेस, "बाई, तुम्ही एकट्या पडलात. नोकरी सोडून मी परत येते. देवाने मला बोलावलं तेव्हा मी तुमच्या स्वयंपाकघरात होते. ज्याने त्याने आपापल्या जागी राहावं, असं तुम्हीच वाचून दाखवलं होतं."

वाचून जीव भांड्यात पडला माझा. ये. स्वयंपाकघराशेजारची तुझी खोली झाडून घेतली आहे, गादीला ऊन दाखवलंय. महिनाअखेरीस राजीनामा दे आणि ये. येताना गुडघ्यांचं ते हिरवं मलम आण, इथे मिळत नाही.

बुधवार, ११ तारीख
दुपार

वरचं सगळं परवा लिहिलं. पाकीट चिकटवून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. दोनदा. दुसऱ्यांदा कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं, "बाई, काही हरवलं का?" म्हटलं, "हो, अक्कल." तो हसला. मला काही हसू आलं नाही.

फाडून नवीन लिहिणार होते. पण नको, तसंच पाठवते. मी गादीला ऊन कशासाठी दाखवत होते ते तुला कळलेलं बरं.

आता सांगते. दोन दिवस टाळलं. दोन दिवस कसले, पंधरा वर्षं टाळलं.

तू एकोणीस वर्षांची होतीस. डॉक्टरीणबाईंनी तुझा नर्सिंगच्या शाळेचा अर्ज भरला होता. तीन आठवडे तू पोस्टमनची वाट बघत झाडू घेऊन तेच तेच अंगण झाडत होतीस. अंगणाला खड्डा पडेल, असं साहेब चिडवायचे. मग मी तुला सांगितलं की आता काही येत नाही, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं असेल.

ते आलं होतं, मुंगे.

तू नळावर कपडे धूत होतीस. पोस्टमनकडून मीच घेतलं, मीच उघडलं. तुला घेतलं होतं. राहायची सोय होती, महिन्याभरात हजर व्हा म्हणून लिहिलं होतं. साहेबांचा चहा, पाहुण्यांची उठबस, चर्चची झाडलोट, कपांची तयारी, हे कोण करणार? दहा वर्षांची असताना तुला अनाथाश्रमातून आणली, तेव्हापासून जगाला सांगत आले की ही आमची मुलगीच. मुलगी असतीस तर ते पत्र घेऊन मी ओरडत नळावर धावले असते. मी ते बाजाच्या पेटीच्या खणात गाण्यांच्या वह्यांखाली घातलं.

आणि त्या संध्याकाळच्या प्रार्थनेला मुद्दाम शोधून तो पाठ काढला. ज्याला ज्या स्थितीत बोलावणं आलं त्याने तिथेच राहावं, कुणी दास असला तरी त्याने त्याची चिंता करू नये. एवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. तू म्हणालीस, "बरोबर आहे, बाई," आणि भांडी घासायला गेलीस. मला वाटलं, चला, निभावलं.

जाण्याआधी चार दिवस साहेबांनी तोच पाठ मागितला. मी सवयीने तिथेच थांबले. म्हणाले, "पुढे वाच." मी म्हटलं, दमलात तुम्ही. तर म्हणाले, "मी नाही दमलो. पुढे वाच." मग वाचलं. पुढे असं आहे, की सुटता येत असेल तर ती संधी घेच. आणि त्याच्याही पुढे, की तुमचं मोल देवाने भरलंय, आता माणसांचे दास होऊ नका. हे सगळं त्याच पानावर होतं गं. माझ्या बोटाखाली.

साहेब भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या संध्याकाळी तू पुस्तक मिटलंस तेव्हाच मला कळलं होतं, काहीतरी दडवते आहेस. मी विचारलं नाही. मलाही चहा वेळेवर मिळत होता." आणि रडले. पाच वर्षांपूर्वी माझ्याशी भांडून त्यांनी तुला रुग्णालयात कामाला लावलं, ते या टोचणीनेच. पण तोवर तू एकोणतीस वर्षांची झाली होतीस, आणि जागा होती ती फक्त धुलाईत.

म्हणजे जे कपडे तू अंगावर घालायला हवे होतेस, त्यांना तू इस्त्री करतेस. आणि मला पत्रात ते आनंदाने कळवतेस. परवा मी लिहिलं की बरं वाटलं. खोटं होतं ते. तुझं ते वाक्य वाचल्यापासून घास उतरत नाही.

म्हणून येऊ नकोस. मला एकटीला भीती वाटते, सकाळी उठून हाक मारावी असं कुणी नाही, तरी येऊ नकोस. दारात उभी राहिलीस तर मी तुला परत पाठवणार नाही, मी स्वतःला ओळखते. म्हणून तूच येऊ नकोस. बादलीचं मी बघेन, अर्धी अर्धी भरेन.

क्षमा कर, असं लिहायला घेतलं होतं आणि थांबले. तू लगेच "असू दे, बाई" म्हणशील. माझ्यासाठी आणखी एक काम करून टाकशील, दुसरं काय. तर घाई करू नकोस. आधी राग येऊ दे. मला पोचेल असा येऊ दे.

तू देवाची आहेस, हे मीच तुला लहानपणी शिकवलं, आणि मग माझी असल्यासारखी ठेवून घेतलं. कप मांडताना मी तुला आकडा सांगायचे, तो नेहमी तुला सोडून असायचा. तू उरलासुरला घोट कोपऱ्यात उभी राहून घ्यायचीस. हे परवा ते कप जागेवर ठेवताना लक्षात आलं. इतक्या वर्षांत परवा.

सोबत ते पत्र ठेवलं आहे. कडा पिवळ्या पडल्यात. वर तुझं पूर्ण नाव आहे, ज्या नावाने या घरात तुला कुणी कधी हाक मारली नाही. आता त्याचा उपयोग नाही, ते वय गेलं, ते मला कुठूनही आणून देता येत नाही. पण पत्र तुझं आहे.

तुझं टपाल पंधरा वर्षं उशिरा पोचवणारी,
बाई