झोळीवरची निळी पिशवी

प्रिय ओतिलियाताई,

झोळीवरची निळी पिशवी काढलीस का? मंगळवारी फोनवर सांगितलं, तर तू म्हणालीस, "का रे, नवी आणतोयस की काय?" आणि मी "उकडत असेल पोरीला" असं काहीतरी बरळलो. फोन तुझ्या सासूबाईंचा, त्या शेजारीच उभ्या. त्यांचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता. तिथे काय बोलणार? म्हणून हे पत्र. खाली केळीच्या मळ्यांकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. शनिवारी तुमच्या फाट्यावरच्या दुकानात टाकीन म्हणालाय. रविवारी तुझं दूध तोडून ब्रिसाला माचाला शहरात तिच्या मावसआजीकडे पाठवणार ना, त्याच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

मी डोंगरात आहे. बटाट्याची पोती ट्रकात चढवतो. इथली थंडी म्हणजे काय सांगू, सकाळी नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागतं. माणसं बरी आहेत, फक्त मी भाताबरोबर कच्चं केळं तळून मागितलं की हसतात. घरमालकीण स्वयंपाकघरात गिनीपिग पाळते. त्यातल्या एकाला मी नाव ठेवलं आणि पुढच्याच रविवारी तो ताटात आला. तेव्हापासून कुणाला नाव ठेवत नाही. असो, हे सांगायला बसलो नव्हतो.

ब्रिसा जन्मली तो पिवळ्या फितीचा आठवडा होता, आठवतं? त्या आठवड्यात मी शिडीवर चढून केळीच्या जितक्या घडांना पिशव्या घातल्या तितक्यांना, घडाचं वय कळावं म्हणून, पिवळी फीत बांधली. मुकादम म्हणाला, "फिती नीट बांध, बहिणीच्या बाळाला बांधायला नाही दिल्यात!" मी वरूनच ओरडलो, "भाची झाली, मुकादम!" तर त्याने चक्क लवकर सोडलं. घरी येताना तुला काय आणावं सुचेना. मळ्यात सगळे करतात तेच केलं. घडाचीच एक निळी पिशवी आणली, उभी चिरली आणि झोळीवर छतासारखी ताणली. किती कौतुक झालं माझं! सासूबाई म्हणाल्या होत्या, "भटक्या आहे, पण डोकं आहे पोराला. एक डास फिरकत नाही झोळीशी." मी आठवडाभर छाती फुगवून फिरत होतो.

मग ते दुखणं सुरू झालं. साधी सर्दी यायची, अंगणातल्या सगळ्या पोरांना व्हायची, तीन दिवसांत ती पुन्हा चिखलात लोळायची. आपली ब्रिसा तेवढी निळी पडायची. दहा महिन्यांत तीनदा इस्पितळात, नाकाला ती नळी. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणाले, विषाणू आहे, साथ आहे. पण साथ सगळ्यांना, आणि नळी हिलाच का, हे कुणी सांगेना. सासूबाईंनी अंड्याने दृष्ट काढून पाहिली, आणि उपयोग झाला नाही तेव्हा बोट तुझ्याकडे वळलं. "हिचं दूध म्हणजे तांदळाचं धुवण. माझी सात वाढली, एकाची छाती घरघरली नाही." तू मान खाली घालून ऐकायचीस. मी तिथेच उंबऱ्यावर बसलेला असायचो, कच्च्या केळ्याचा गोळा खात. तिसऱ्या वेळेनंतर मी निघालो. तुला वाटलं, मला भटकायची हुक्की आली.

या आठवड्याच्या सुरुवातीला मलाच ताप चढला. इथल्या दवाखान्यात एक वयस्क नर्सबाई आहेत. त्यांनी माझी सालपटलेली बोटं पाहिली आणि विचारलं, "पिशव्या बांधायचास ना? मी सोळाव्या वर्षी तिकडेच पॅकिंगला होते, हे हात ओळखते मी." मग काय, माझं तोंड सुटलं. ब्रिसाचं सांगितलं, झोळीचं सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "डास का येत नव्हते, हा प्रश्न तुमच्या घरात एकालाही पडला नाही?" पिशवीला आतून किड्यांचं औषध असतं, हे मला माहीत होतंच, पण ते किड्यांचं, असं मी धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, "इवलंसं पोर दिवसरात्र ते हुंगत असेल तर अंगातली राखण ढिली पडू शकते. मग दुसऱ्यांच्या दारावरून परत जाणारी सर्दी हिच्या घरात शिरून बसते. तिच्या बाबतीत हेच झालं अशी शपथ मी घेणार नाही, तिला पाहिलेलं नाही मी. पण पिशवी आज काढ. जाळायची नाही, धूर वाईट. झोळीचं कापड साबणाने वेगळं धुवायचं. डॉक्टरला सगळं सांगायचं. आणि आईचं दूध तोडू नका रे, तेच तर तिची राखण करतंय." तिथूनच मी फोन लावला होता.

आता ते एक राहिलं. तुला वाटतं ती पिशवी जुनी होती. घड उतरवल्यावरची, कालव्यावर धुतलेली, दहा दिवस उन्हात वाळवलेली, आपल्याकडची रीत आहे तशी. मीच तसं सांगितलं होतं. खोटं होतं ते. जुन्या पिशव्या फाटक्या, रंग उडालेल्या होत्या. पहिल्या भाचीला ते चिंधूक कसं द्यायचं? मी गुदामातल्या नव्या गठ्ठ्यातली काढली, अजून पावडर लागलेली, आकाशासारखी निळी. धुतलीसुद्धा नाही, चमक जाईल म्हणून. तिसऱ्यांदा ब्रिसाला नळी लागली तेव्हा इस्पितळाच्या जिन्यात मला ती पावडर आठवली, पण मी ते तुला सांगितलं नाही. चार महिने तुझ्या दुधाला बोल लागू दिला आणि पळालो. तेव्हा हे पत्र लपवू नकोस, ताई. रविवारच्या आत अंगणात उभी राहा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, गिनीपिगसकट. सासूबाई म्हणतील, "तुझा भाऊ एवढा नालायक?" तर हो म्हण. आणि त्या हे ऐकत असतानाच ब्रिसाला छातीशी घे.

उंबऱ्यावर गप्प बसलेला, तरी तुझाच,
एफ्रेन